गौरीच्या आराशीतल्या मडमा

आमच्या घरमालकीणबाईंनी हॉलिवुडच्या नट्यांना घरात घेतलं होतं. पाहुण्या म्हणून नव्हे, घरच्या म्हणून. त्या नट्यांना याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला बाबांची बदली यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत झाली आणि एका वकिलांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. सामान लावून होत नाही तोच मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात मोती, नऊवारी लुगडं घट्ट खोचलेलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, ते दार लाव बरं."

मी दार लावलं.

"असं नाही. तू घर सोडून जाऊन राहिली, अन् आत तुझी सवत बसली आहे. आता लाव."

मी परकरातली पोर. सवत म्हणजे काय हेही मला धड ठाऊक नव्हतं. आईच्या हातातलं पातेलं निसटता निसटता राहिलं. मी घाबरून पुन्हा दार लावलं. बाई त्या दाराकडे बघून आईला म्हणाल्या, "सवतीले भ्यायली ही. पण होईन. हळूहळू होईन."

ही आमची पहिली ओळख. सगळं गाव त्यांना काकू म्हणे, मग आम्हीही म्हणू लागलो.

दाराचा सिद्धांत काकूंचा स्वतःचा होता. "रडता कोणालेही येते. कांदा चिरला का झालं. बाई नटी आहे का नाही, हे ती दार कसं लावते त्याच्यावरून समजते." लग्नाआधी नागपूरला भावासोबत त्यांनी एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. काकूंना इंग्रजी अजिबात येत नव्हतं, त्यामुळे गोष्ट त्यांना तेव्हाही कळली नाही आणि पुढेही कधी कळली नाही. पण त्यातल्या बाईने नवऱ्याला निरोप देऊन दार लावलं आणि कडीवर हात तसाच ठेवला, एवढं मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. त्या बाईला त्या वर्षीचा सोन्याचा बाहुला मिळाला, असं भावाने घरी येताना सांगितलं. तेव्हापासून काकूंची श्रद्धा बसली. या पृथ्वीवर असा एक मुलूख आहे, जिथे दरवर्षी सगळ्यांत चांगलं काम करणाऱ्या बाईला भर सभेत बोलावून हातात सोन्याचा बाहुला देतात.

"आपल्याकडे बाईले बक्षीस कायचं भेटते?" त्या म्हणत. "पोरगा झाला तं पेढे. तेही बाकीचेच खातात."



गावच्या टॉकीजमध्ये कधीमधी रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागे. मिशनमधली दोनचार माणसं येत, कॉलेजातले एकदोन प्रोफेसर येत आणि गल्लीतल्या बायकांची फौज घेऊन काकू येत. सोबत डबा. अंधार झाला की काकू मोठ्या आवाजात गोष्ट सांगायला लागत. काकू सांगत ती गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट यांची गाठ क्वचितच पडे, पण काकूंची नेहमी जास्त रंगे. एकदा त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, की हा उंच गोरा माणूस नायिकेचा भाऊ आहे. अर्ध्या तासाने त्या भावाने नायिकेला मिठीत घेऊन तिचं चुंबन घेतलं. बायका श्वास रोखून काकूंकडे वळल्या. काकूंनी पापणीसुद्धा लववली नाही. "आतेभाऊ आहे," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाहुला कोणाला मिळाला ते नागपूरच्या इंग्रजी पेपरात येई. तो पेपर वाचून दाखवायचं काम वकीलसाहेबांकडे. नाव ऐकलं की काकू तोंड वाकडं करत. "हे काय नाव आहे? जिभेले आटे पडतात." मग त्यांनी उपाय काढला. आपल्याकडे लग्न झालं की ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात ना, तसं बाहुला मिळालेल्या नटीचं नाव काकू ताटात ठेवू लागल्या. नाव लिहायचं पुरुषाने, म्हणून ताट वकीलसाहेबांपुढे यायचं. नवरा-बायकोचा नवा कायदा तेव्हा नुकताच झालेला. वकीलसाहेब म्हणाले, "अगं, आता एका वेळी एकच बायको चालते. मी कितीजणींचं नाव लिहू? उद्या माझ्यावर खटला होईल."

"मग जेवू नका," काकू म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी निमूटपणे अंगठी काढली आणि 'यमुना' असं लिहिलं. पुढच्या वर्षी इंदिरा झाली. मग सुमती. मग शांता. यमुना, इंदिरा, सुमती आणि शांता यांची चौकशी आमच्या गल्लीत रोज होई. यमुनेचं नव्या नवऱ्याशी पटतं का, इंदिरेचे सिनेमे काहून पडले, सुमतीला आता तरी मुलगी होईल का. पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा बाबांनी काळजीने आईला विचारलं होतं, "सुमतीच्या बाळंतपणात आपल्याला काही द्यावं लागेल का?"

फोटो यायचे ते नागपूरच्या भावाकडून, जुन्या इंग्रजी मासिकांतून. हे फोटो म्हणजे फार पंचाईत. सगळ्यांचे खांदे उघडे. वकीलसाहेबांनी तिथे मात्र पाय रोवले. "दिवाणखान्यात हे चालणार नाही. पक्षकार येतात. त्यांचं लक्ष आधीच माझ्या बोलण्याकडे नसतं."

मग काकूंनी त्यांना नेसवायचं ठरवलं. आईचा हात शिवणकामात चांगला, म्हणून तिला पाचारण झालं. दुपारी बाबा कचेरीत गेले की त्या दोघी खळ करून, जुन्या लुगड्यांचे काठ आणि खणाचे तुकडे घेऊन बसत. यमुनेला हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. इंदिरेला खणाची चोळी. सुमतीचं नाक जरा वर उचललेलं होतं, तिथे नथ बसेना. आईने शाईने काढून दिली. कपाळावर मात्र खरं कुंकू. आई हे काम इतक्या बारकाईने करी, की पदराला चुण्यासुद्धा पडत. काम करताना ती एक शब्द बोलत नसे. आई तशी घरातही बोलत नसे. बाबा बोलत आणि आई "हं" म्हणे.

तांड्यावरून लोणी घेऊन येणारी एक बंजारा बाई होती. तिने पहिल्यांदा हे फोटो पाहिले तेव्हा ती टोपली खाली ठेवून बसूनच राहिली. "याडी," ती काकूंना म्हणाली. याडी म्हणजे आई. "याडी, ह्या कोनाच्या घरच्या व? एकीच्याही हातात बलोयाच्या बांगड्या नाही, अंगावर आरसा नाही. गरीब आहे का?"

"लय पैसेवाल्या आहे," काकू म्हणाल्या.

"मग नवरे चांगले नसन," ती म्हणाली. पुढच्या फेरीला ती चिमूटभर आरसे घेऊन आली आणि शांतेच्या चोळीला स्वतःच्या हाताने चिकटवून गेली. काकूंना ते इतकं आवडलं, की त्या दिवशी लोण्याचं वजन त्यांनी तपासलं नाही.

नेसवलेल्या, काचेत बसवलेल्या या सगळ्याजणी वर्षभर काकूंच्या पेटीत असत आणि चैत्रात बाहेर येत. चैत्रगौर पाळण्यात बसली, की दिवाणखान्यात पायऱ्यापायऱ्यांची आरास व्हायची. वर गौर, खाली कलिंगडाची कमळं, करंज्या, मातीची फळं, आणि दोन्ही बाजूंना आमच्या मडमा. बायका हळदीकुंकवाला येत, ओटीत भिजवलेले हरभरे घेत, कैरीची डाळ खात, गौरीला हळदकुंकू वाहत आणि मग ओळीने यमुनेला, इंदिरेला, सुमतीला आणि शांतेला बोट लावून जात. काकू म्हणत, "गौरही माहेरीच आली आहे, ह्याही माहेरीच आल्या. येऊ द्या. तिकडे कोण करते यांचं?"

एका वर्षी पोस्टमास्तरीणबाईंनी शंका काढली. "काकू, यमुनेनं म्हणे नवरा सोडला. मग ती सवाष्ण कशी? तिला कुंकू कसं चालेल?"

"एक सोडला तं दुसरा केला ना व," काकू म्हणाल्या. "आता तिसरा आहे. तिचं कुंकू तुमच्यापेक्षा पक्कं. तुमची तं सगळी मदार एकावरच आहे."

पोस्टमास्तरीणबाई पुढे बरेच दिवस आमच्या गल्लीतून जाताना मान वळवून जात.

मी मॅट्रिकला बसले त्या वर्षीचा चैत्र मात्र मला हसू येण्यासारखा नव्हता. मला पुढे शिकायचं होतं. कॉलेज गावातच होतं, सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. पण बाबांच्या कचेरीतल्या कोणीतरी दारव्ह्याचं स्थळ सुचवलं. मुलगा तहसिलीत, घरची शेती, एकुलता एक. त्यांची एकच अट होती. मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकली तेवढं पुष्कळ झालं, आणखी शिकवू नये. बाबांना ती अट फारच सोयीची वाटली. बाबा वाईट नव्हते. मुलीला चांगलं घर मिळतंय आणि आपली जबाबदारी उतरतेय, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. आईला त्यांनी सांगितलं. आई "हं" म्हणाली.

मी काकूंकडे गेले आणि त्यांच्या झोपाळ्यावर पडून ओक्साबोक्शी रडले. काकूंनी मला पुरतं रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "रडणं खरं आहे, पण सगळं नाकातून येऊन राहिलं. असं रडणं कोणी पाहात नाही."

"काकू, मला लग्न नाही करायचं!"

"मग नापसंत हो. सोपं आहे. लंगडून दाखव."

त्या उन्हातल्या दुपारी मी दिवाणखान्यात लंगडायला शिकत होते, यावर आता माझाही विश्वास बसत नाही. डाव्या पायाने लंगडले, उजव्या पायाने लंगडले. मधेच पाय बदलला गेला. काकू कपाळाला हात लावून बसल्या. "राहू दे. तू लंगडी दिसतच नाही. लंगड्याची टिंगल करून राहिली असं दिसते. त्याच्यापेक्षा तिरळं पाहून पाहा." मी तिरळं पाहिलं. "नको नको," काकू म्हणाल्या, "त्याच्यात तं तू आणखीनच गोड दिसून राहिली." तिथे माझी उरलीसुरली आशा संपली.

दारव्ह्याची मंडळी छोट्या रुळांच्या आगगाडीने आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. आमच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून बाबांनी काकूंना विचारून दिवाणखान्यातच बैठक घातली. वकीलसाहेब कोर्टात होते. गौरीची आरास मांडलेलीच होती, कारण त्याच संध्याकाळी हळदीकुंकू होतं. बाबांच्या हे लक्षातही आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मामांच्या बशीतल्या पोह्यांकडे होतं.

मला नाव विचारलं, मी सांगितलं. स्वयंपाक येतो का विचारलं, येतो म्हटलं. चालून दाखवायला लावलं, तेव्हा मी इतकी व्यवस्थित चालले की काकूंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मामांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने खाली पाहिलं, म्हणजे पसंती होती. बाबांचा चेहरा फुलला.

तेवढ्यात मुलाच्या आईची नजर आराशीवर गेली. "या कोण हो सगळ्या? चांगल्या खानदानी दिसतात. डोळे घारे आहेत का?"

काकूंना हा प्रश्न इतक्या आदराने आजवर कोणी विचारला नव्हता. त्या उठून आराशीजवळ गेल्या.

"ही यमुना," काकू म्हणाल्या. "हिचं आत्ताच चवथं लग्न झालं."

मामांचा चमचा बशीत थांबला. "चौथं?"

"हो. तिसऱ्यासंगं पटलं नाही. पण कामात खंड पडू दिला नाही बिचारीनं. ही इंदिरा. हिनं लग्नच केलं नाही, पण लेकरं आहे दोन. ही सुमती. सिगारेट ओढते, पण गुणी आहे. अन् ही आमची शांता. बक्षीस भेटलं तेव्हा भर सभेत एका परक्या माणसाच्या गळ्यात पडून रडली. नवरा समोरच बसला होता. तोही टाळ्या वाजवून राहिला."

बाबांचा चेहरा विझत गेला. ते म्हणाले, "अहो, त्या म्हणजे... त्या खऱ्या..." मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. अशा गोष्टीत पुरुषांना विचारून खरं कळत नाही, हे मामांना अनुभवाने माहीत असावं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि बहीण माझ्या आईकडे वळली.

"तुमचं या मंडळींशी काय नातं?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो सावकाश खाली ठेवला. हात पदराला पुसले. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं एक भोळं, अभिमानाचं हसू आलं.

"आमच्याच आहेत सगळ्या," आई म्हणाली. "आमची मुलगीसुद्धा यांच्याच वळणावर गेलीय, असं सगळे म्हणतात."

मामांना एकदम गाडीची आठवण झाली. गाडीला अजून बराच अवकाश होता, पण दोन मिनिटांत तिघेही फाटकाबाहेर होते. मुलगा जाताना एकदा मागे वळून आराशीकडे बघून गेला, त्याला बहुतेक मोह पडला असावा. बाबा चौकापर्यंत त्यांच्या मागे धावले. त्या चित्रातल्या मडमा आहेत, पेपरातून कापलेल्या, असं त्यांनी कळवळून सांगितलं. मामा म्हणाले, "मग तुमच्या मंडळी 'आमच्याच' म्हणाल्या, ते काहून? खोटं बोलतात का त्या?" बायको खोटारडी म्हणावी तर स्थळ जातं आणि खरी म्हणावी तरी जातं.

बाबा घामाघूम होऊन परत आले. मालकीणबाईंवर ओरडता येत नव्हतं, म्हणून ते आईवर ओरडले. "तुला माहीत नव्हतं? इतकी वर्षं या घरात राहतेस! त्या नट्या आहेत नट्या, हॉलिवुडच्या!"

"अगबाई!" आई म्हणाली. तिने तोंडावर पदर धरला. "मला वाटलं, काकूंच्या माहेरच्या आहेत. आणि काकूंच्या म्हणजे आपल्याच की. मला काय कळतं इंग्रजीतलं?"

यमुनेच्या पदराच्या चुण्या जिने स्वतःच्या हातांनी घातल्या होत्या, ती माझी आई हे बोलत होती. शांतेची चोळी जिने बेतली, सुमतीची नथ जिने काढली, ती. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाबा मोठा उसासा टाकून म्हणाले, "तुला कधीच काही कळायचं नाही."

"हं," आई म्हणाली.

दारव्ह्याच्या मंडळींनी आमची कीर्ती त्या छोट्या गाडीच्या एकेका स्टेशनावर उतरवली असावी, कारण पुढे चार वर्षं मला एकही स्थळ सांगून आलं नाही. बाबा खंगले, मग कंटाळले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये माझं नाव कॉलेजात घातलं गेलं. मी बी.ए. झाले, ते दारव्ह्याच्या कृपेने असं बाबा शेवटपर्यंत म्हणत. खरं काय ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आईने तर मलाही कधी सांगितलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर ती म्हणाली, "कसलं गं?" आणि तिचा चेहरा इतका निर्मळ होता, की क्षणभर मलाच वाटलं, हिला खरंच काही माहीत नसेल.

पण त्या दुपारी, बाबा पडवीत डोक्याला ओला फडका बांधून पडले होते तेव्हा, मी काकूंकडे गेले. त्या आराशीसमोर पाटावर बसल्या होत्या. संध्याकाळच्या हळदीकुंकवाची काहीच तयारी चालली नव्हती. कैऱ्या तशाच पडल्या होत्या.

"काकू, तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी?"

"मी?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "मी एक अक्षर खोटं नाही बोलली. विचारलं, ते सांगितलं. मले तुझी आठवणसुद्धा नव्हती त्या वेळी, खोटं काहून सांगू? जे केलं ते तुझ्या आईनं केलं. अन् इतके वर्षं मी तिच्याजवळ बसून खळ लावली, मले दिसली नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी एक कैरी उचलली आणि परत ठेवली.

"मले पाहाले आलते, तेव्हा मी शाळेत पहिली यायची," त्या म्हणाल्या. "मलेही शिकायचंच होतं. वकिलांच्या बापानं पेपर देला, म्हणे वाचून दाखव पोरी. मी वाचलं. लय चांगलं वाचलं, एका जागी अडखळली नाही. मुद्दाम अडखळावं, हे सुचलंच नाही व मले."